हेरल्डसाठी स्थळ

आशुतोषला पाना आणि चमचा यांतला फरक कळत नाही, हे मी रागानं म्हणत नाही. म्हणजे रागानंच म्हणते, पण खरं आहे.

तो आमच्या कॅरिगलाइनच्या वसाहतीत दोन घरं सोडून राहतो. मूळचा नागपूरचा, इथे परदेशात कॉर्कच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवतो आणि संध्याकाळी येऊन माझ्या वडिलांना उठवतो. गेल्या वर्षी त्याला जुनी गाडी घ्यायची हुक्की आली. कोव्हच्या एका आजीबाईंकडून त्यानं सदुसष्ट सालची ट्रायम्फ हेरल्ड घेतली, आकाशी रंगाची, आणि हिवाळाभर अंगणात तशीच उभी ठेवली. पाणी गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये जे घालतात ते घालायचं राहिलं. जानेवारीच्या थंडीत आतलं पाणी गोठलं, फुगलं आणि इंजिनचा ब्लॉक तडकला. रोग्याच्या अंगात किती थेंब सलाइन गेलं याच्यावर डोळा ठेवून बसणाऱ्या माणसाला गाडीच्या पोटात पाणी गोठतं हे सुचू नये! मला कळलं तेव्हा वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं.

मे महिन्यात सांगलीहून आई-बाबा आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरायला निघालेले बाबा आशुतोषच्या अंगणासमोर थबकले. आमच्याकडे सांगलीला अशीच गाडी होती. तिकडे तिला स्टँडर्ड हेरल्ड म्हणायचे. बाबा वीज मंडळात हेडक्लार्क. गाडी घेतली तीच तिसऱ्या-चौथ्या हाताची, त्यामुळे दर रविवारी तिचं काहीतरी निघायचंच. बाबा इंजिनचं काम पुस्तक वाचून, चुकून, पुन्हा पुस्तक वाचून शिकले होते. हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे कलतं, त्यामुळे इंजिन चहूबाजूंनी मोकळं होतं. बाबा पुढच्या चाकावर बसून काम करत, आणि मी चहा घेऊन जाई.

माझं काम तेवढंच, चहा नेणं. जवळ गेले की, "लांब हो, फ्रॉकला ऑइल लागेल." मी मुद्दाम भावाची जुनी चड्डी घालून गेले की, "लांब हो, पायावर काहीतरी पडेल." पुढे मी हट्टानं मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेले. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. पाना मात्र दिला नाही. आता मी इथे रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहे. गोळ्या करणारी यंत्रं जशी चालायला हवीत तशीच चालतात ना, हे पुराव्यानिशी दाखवायचं माझं काम. मी सही केल्याशिवाय तिथे एक पंप सुरू होत नाही. पण माझ्या वडिलांच्या लेखी मी अजून चहाच आणते.

तर बाबा आशुतोषच्या अंगणात थबकले, आणि आशुतोष बाहेर आला.

"काका, तुम्हाला याच्यातलं समजते का?" त्यानं विचारलं.

बाबांना कुणी असं विचारलं नव्हतं बहुतेक कित्येक वर्षांत. त्या दिवशी ते जेवायलाच उशिरा आले, हात कोपरापर्यंत काळे. आई म्हणाली, "अहो, हात धुवून या आधी." बाबा हसत होते. नुसते नाही, दात दिसतील असे.

मग रोजचंच झालं. मी कामावरून येऊन भांडी घासत उभी असे आणि खिडकीतून तिकडचं सगळं दिसे, ऐकूही येई.

"काका, हे काय आहे?"

"टॅपेट."

"आणि ते?"

"तेही टॅपेटच. आठ असतात रे बाबा."

आणि दोघं हसत. यात हसण्यासारखं काय आहे? मी एकच कढई घासत राही. बाबा त्याच्या हातात पाना देत, त्याचा हात धरून वळवत, "असा जोर नाही लावायचा, झटका द्यायचा," असं सांगत. तो चुकला की त्याच्या पाठीवर थाप मारत. चुकला की! मला तर पंचाण्णव टक्क्यांना "उरलेले पाच कुठं गेले?" असं विचारलेलं आहे. मला हेवा वाटत होता. जळफळाट म्हणा हवं तर, माझी ना नाही. बरं, तो माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. तो मला क्षितिजाताई म्हणतो, माझ्या मुलीला ताप आला तर धावत येतो, आणि आईनं केलेल्या पिठल्याला असा हात जोडतो की आईनं त्याला तिसऱ्यांदा वाढावं.

तडकलेला ब्लॉक सांधून द्यायला कुणी तयार होईना आणि जे तयार झाले त्यांचा आकडा ऐकून आशुतोषची बायको केतकी म्हणाली की एवढ्यात माझी चालती गाडी येईल. तिनं त्याला ठरावीक रक्कम नेमून दिली आणि त्यापुढे एक युरोही मिळणार नाही असं बजावलं. म्हणजे दुसरं जुनं इंजिन शोधणं आलं. ही शोधाशोध आमच्या जेवणाच्या टेबलावर व्हायला लागली, कारण केतकीनं तो विषय तिच्या घरात बंद केला होता.

बाबांनी इंजिन शोधायची रीत लावली ती मुलीला स्थळ बघायची. त्यांना तीच एक रीत येते. भावाचं, माझं आणि अर्ध्या नातेवाइकांचं त्यांनीच जमवलंय.

"नास गावात एक आहे," आशुतोष फोनवर बघून सांगे. "बाराशे सीसीचंच. अगदी स्वस्त देऊन राहिला."

"स्वस्त का देतोय? काय चाल्लंय घरात? आधी कुठल्या गाडीत होतं, किती वर्षं नुसतं बसून आहे, विचार. घरच्यांची माहिती नाही आणि फोटो तेवढा गोड, असलं स्थळ नको."

"अहो, इंजिन बघताय की जावई?" आई म्हणे.

"दोन्हीत आवाज आधी ऐकावा," बाबा म्हणत, आणि आशुतोष टेबलावर हात आपटून हसे.

एकदा तो पंधराशेच्या इंजिनावर भाळला. दिसायला तसंच, जागेवर बसतंही, आणि ताकद कितीतरी जास्त. मी पोळ्या लाटत होते, मला राहवलं नाही.

"ते नको," मी म्हटलं. "तुझा गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शियल बाराशेच्या मानानं केलेले आहेत. त्यांना हा जोर झेपणार नाही. शिवाय इन्शुरन्सवाल्यांना कळवावं लागेल, ते हप्ता वाढवतील. तेराशेचं मिळालं तर बघ. तेवढं सहज सोसेल."

बाबा "हं" म्हणाले. नुसतं हं. आणि पोळी संपवून, ताक पिऊन, मिशा पुसून आशुतोषला म्हणाले, "मी काय म्हणतो, पंधराशेचं नकोच. मागचं सगळं नाजूक आहे. तेराशेचं बघू."

"वा काका! हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

माझी पोळी करपली. अभिजितनं, माझ्या नवऱ्यानं, ती गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली. तो आयटीतला माणूस, भांडणात पडत नाही, करपलेलं खातो.

तेराशेचं इंजिन सापडलं मॅलोजवळ, डोनल नावाच्या एका शेतकऱ्याकडे. त्याच्या भावानं कधीतरी हेरल्ड मोडून काढली होती, इंजिन तेवढं शेडमध्ये राहिलं होतं. शनिवारी बाबा आणि आशुतोष बघायला गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईनं बरोबर चकल्यांचा डबा दिला. मला कुणी येतेस का विचारलं नाही. मी दिवसभर घरीच होते.

संध्याकाळी परत आले ते खुशीत.

"स्थळ तसं चांगलं आहे," बाबा म्हणाले. "माणसं सज्जन. चहा दिला, केक दिला, चकल्या आवडल्या त्यांना."

"मग घेतलं का?" अभिजितनं विचारलं.

"असं लगेच हो म्हणतात होय? दोन दिवसांनी कळवतो म्हटलंय."

"बाबा, इथे जो आधी पैसे ठेवेल त्याचं असतं."

"चहा प्यायलोय त्यांच्याकडं. असं कसं दुसऱ्याला देतील?" बाबा म्हणाले. आणि आशुतोष, जो रोज या देशातल्या लोकांत वावरतो, तोही मान डोलवत म्हणाला, "काका म्हणतात तेच बरोबर आहे. घाई केली की भाव वाढवतात."

ही रीत आमच्या रक्तातच आहे. मला बघून गेलेल्या प्रत्येकानं "घरात विचारून कळवतो" असं म्हटलेलं आहे, आणि बाबांनीही समोरच्यांना तेच म्हटलेलं आहे. उतावळेपणा दाखवायचा नाही. मुलगी पसंत असली तरी चार दिवस तोंड मिटून बसायचं. मॅलोच्या त्या शेतकऱ्याला यातलं काय कळणार? त्यानं इंजिनची जाहिरात अजून उतरवलीच नव्हती. मी लगेच फोनवर बघितलं.

सोमवारी कारखान्यात मी एका पंपाच्या चाचणीसमोर उभी होते आणि डोक्यात एकच चाललं होतं. आज नाहीतर उद्या बाबा फोन करतील. इंजिन येईल. उरलेले दिवस, जायची तारीख येईपर्यंतचे सगळे, बाबा त्या अंगणात काढतील. मग मी त्यांना विमानतळावर सोडायला जाईन आणि आशुतोष त्यांना मिठी मारेल.

मी अभिजितला फोन केला. "अर्धी रजा टाक. ट्रेलर लागेल आणि एक छोटी क्रेन, भाड्यानं मिळते ती."

"कशाला?"

"इंजिन आणायचंय."

"आशुतोषचं?"

"माझं."

त्यानं पुढे विचारलं नाही. यासाठी मी त्याच्यावर प्रेम करते.

माझ्याकडे गाडी नाही, म्हणजे असलं इंजिन बसेल अशी नाही. इंजिन घेऊन मी काय करणार होते? काहीच नाही. मला ते हवं नव्हतं, त्यांना मिळायला नको होतं. आणि अगदी तळातलं बोलायचं तर, इंजिन माझ्याकडे असलं की बाबांना माझ्याकडे यावं लागलं असतं.

त्या दुपारी बाबा आणि आशुतोष लिमरिकला कुणाचा तरी रेडिएटर बघायला गेले होते. आम्ही मॅलोला पोचलो. डोनल शेडच्या दारात उभा होता, उंच, वाकलेला, गुडघ्यापर्यंत बूट. मी गाडीतून उतरले तशी त्यानं माझ्याकडे नीट बघितलं.

"तू मुलगी," तो म्हणाला. "त्या चकलीवाल्या गृहस्थांची."

माझी तयारी सगळ्याची होती, याची नव्हती. मी मान हलवली.

"युअर मॅन म्हणत होता, मुलीला विचारल्याशिवाय ठरवत नाही. इंजिनिअर ती आहे म्हणाला. तो डॉक्टर गाडीत जाऊन बसला होता तेव्हा म्हणाला. मग, ठरलं का तुझं?"

इथे युअर मॅन म्हणजे 'तो गृहस्थ', अर्थात बाबा, आणि क्षणभर मला ते खरंच वाटलं. पण मी या रीतीत वाढलेली आहे. "घरात विचारून कळवतो" यातलं घर म्हणजे कोण, हे मला कळतं. जिला कधीच विचारायचं नसतं तिच्या नावावर वेळ काढायची असते. बाबांनी नाही का आईच्या नावावर चार स्थळं परत पाठवली? आईला त्यातलं एकही माहीत नव्हतं. इथेही माझा उपयोग तेवढाच. मला आणखीच संताप आला.

"ठरलं," मी म्हटलं. "आत्ता नेते."

"बघून घे की आधी."

"बघितलंय त्यांनी."

मी पैसे मोजून दिले. त्यानं ते घडी करून खिशात टाकले आणि त्यातली एक नोट काढून पुन्हा माझ्या तळहातावर ठेवली. इथे जुनी माणसं सौदा झाला की शुभ म्हणून थोडं परत देतात. "लाभू दे," तो म्हणाला. मग ट्रॅक्टरनं इंजिन उचलून ट्रेलरवर ठेवून दिलं. मी, जी एक साधा व्हॉल्व्हसुद्धा तपासल्याशिवाय कागदावर सही करत नाही, त्या मीच इंजिनला हातही लावला नव्हता.

घरी येऊन क्रेननं ते गॅरेजमध्ये उतरवलं आणि वर सोलापुरी चादर टाकली. आई दारात येऊन उभी राहिली. तिनं चादरीचं टोक उचलून बघितलं आणि खाली सोडलं.

"तुझं लहानपणापासून असंच," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पानात वाढलं की तुझी भूक खवळते."

"माझ्या पानात कुणी वाढलंच नाही तर?"

आईनं माझ्याकडे बघितलं. आत जाऊन तिनं कुकर लावला.

संध्याकाळी लिमरिकहून दोघं परतले ते आमच्याच घरी. बाबांना आता कळवायचं होतं. दोन दिवस झाले होते, म्हणजे रीत पूर्ण झाली होती. त्यांनी घसा साफ केला, फोन लावला आणि मोठ्यानं बोलायला लागले, कारण इंग्रजी ते मोठ्यानंच बोलतात. मी चहाचे कप पुसत होते. पुसून झालेले पुन्हा पुसत होते.

"हॅलो, मिस्टर डोनल? वुई आर रेडी... व्हॉट? ... हू? ... माय डॉटर?"

बाबांनी फोन खाली ठेवला. क्षणभर त्यांचा चेहरा कोराच होता. मग तो असा उजळला की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"क्षितिजानं घेतलं! आणलंसुद्धा!"

"ताई!" आशुतोष खुर्चीवरून उठलाच. "अरे काय तुम्ही! आम्ही रीत करत बसलो आणि तुम्ही काम करून मोकळ्या! किती झाले सांगा, मी आत्ता पाठवतो. ताई, तुम्ही ग्रेट आहात."

सगळे गॅरेजमध्ये गेले. मीच चादर काढली. आशुतोष इंजिनभोवती फिरत होता, एखाद्या बाळासारखा त्याला थोपटत होता. बाबा मला म्हणाले, "त्याच्यासाठी एवढं केलंस. शाब्बास." आयुष्यभर मी ज्या शब्दासाठी चहा नेत होते तो शब्द मला मिळाला, आणि तोही त्याच्यामुळे!

"त्याच्यासाठी नाही केलं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी माझ्यासाठी घेतलंय. विकायचं नाहीये."

आशुतोषचा हात इंजिनवर होता, तो त्यानं हळूच काढून घेतला. त्याचा चेहरा बघून मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून अजून राग आला.

"ग्रँड," तो म्हणाला, इथे 'ठीक आहे'ला तेच म्हणतात. "ग्रँड, ताई. मी... केतकी वाट पाहून राहिली असेल. येतो." आणि गेला. अभिजितही काहीतरी कारण काढून आत गेला.

"हे काय वागणं?" बाबा म्हणाले. "तुझ्याकडं गाडी कुठाय? काय करणार आहेस याचं? लोणचं?"

"काही करीन. मी इंजिनिअर आहे."

"मग? म्हणून दुसऱ्याचं ओढून आणायचं? पोरगा तोंड पाडून गेला."

"पोरगा!" मग माझा तोल गेला. "त्याला पोरगा म्हणता, त्याच्या हाताला धरून शिकवता. मी लांब होते. फ्रॉकला ऑइल लागेल, पायावर पडेल. मी डिग्री घेतली तरी लांबच. पंधराशेचं नको हे मी सांगितलं, ते तुम्ही त्याला तुमचं म्हणून सांगितलंत. चार घास झाल्यावर! तो चुकला की हसता. माझ्याबरोबर एकदा तरी हसलात का असं? मला जळायला होतं बाबा. मी तुमची मुलगी असून मला त्या येड्या भूलवाल्याचा हेवा वाटतो!"

बाबा वाळूच्या पोत्यावर बसले.

"त्याला काही कळत नाही," ते म्हणाले. "म्हणून मला बोलता येतं."

"आणि मला?"

"तू इंजिनिअर. मी क्लार्क माणूस, पुस्तकात बघून केलेलं सगळं. तू कॉलेजात गेलीस त्या वर्षी सुट्टीला आलीस, आठवतंय? कार्बोरेटर उघडून बसलो होतो. तू लांबूनच म्हणालीस, बाबा, ते उलटं बसवलंय. बरोबर होतं तुझं. उलटंच होतं." त्यांनी हात पुसले, हात कोरडेच होते. "त्याच्याआधी पोरीची जात म्हणून लांब ठेवलं, ते माझं चुकलंच. त्याच्यानंतर मलाच भीती वाटायला लागली. तुझ्यासमोर चुकायची."

मला तो कार्बोरेटर आठवत नव्हता. मी ते नुसतं बोलून गेले असणार, चहाचा कप ठेवता ठेवता.

"आणि डोनलला खोटं नाही सांगितलं," ते म्हणाले. "विचारणारच होतो तुला. शनिवारी मी इंजिन पान्यानं फिरवून बघितलं तर एका जागी येऊन अडतंय. आशुतोषला नाही कळलं, थोडं फिरलं की त्याला आनंद. मला वाटलं, तुला नेऊन दाखवावं. दोन दिवस त्यासाठीच मागितले. काल दिवसभर तू घरात होतीस, दर वेळी म्हणायचो, आता विचारू. तोंड उघडायचं नाही. तुला सापडलं ना, कुठं अडतंय ते?"

"मी फिरवलंच नाही."

"फिरवलं नाहीस?"

"बघितलंसुद्धा नाही. पैसे दिले आणि उचललं."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पहिल्यांदाच त्यांना दिसत होते. मग उठले, गॅरेजचं दार लोटून घेतलं आणि दिव्याखाली आले. "पाना आण."

पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून मी इंजिन फिरवलं. फिरलं, जड पण नीट, आणि मग एका जागी ठप्प. उलटं फिरवलं, तसंच. बाबांनी कान जवळ नेला.

"व्हॉल्व्ह अडकलाय," ते म्हणाले. आणि पटकन, "असं मला वाटतं. तुझं काय?"

त्यांनी विचारलं. मी उगाच पाना काढला आणि परत लावला, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. "सिलिंडरला गंज धरलाय," मी म्हटलं. "एकाच्या कडेला. वर्षानुवर्षं पडून होतं ना. नक्की गंज."

"उघडू या."

इंजिनच्या वरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, नट सोडायला त्यांनी मला सांगितलं. "घट्ट करताना मधनं बाहेर जायचं, सोडताना बाहेरनं मधी यायचं. एकदम नाही, थोडं थोडं. नाहीतर हेड वाकतं." मला हे ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मी त्यांनी सांगितलं तसेच सोडत गेले. दोन नट हलेनात, तेव्हा बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जोर नाही लावायचा. झटका." नट सुटला. माझ्या कोपराला ऑइल लागलं, कुर्त्यालाही लागलं, आणि दोघांपैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

आम्ही दोघांनी मिळून हेड उचलून बाजूला ठेवलं. चारही सिलिंडर उघडे झाले. व्हॉल्व्ह सगळे मोकळे होते. गंज कुठेच नव्हता. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मात्र काठोकाठ धान्य भरलेलं होतं.

बाबांनी चिमूटभर काढून तळहातावर घेतलं, दिव्याखाली धरलं. "गहू?"

"बार्ली," मी म्हटलं. "डोनल बार्ली पेरतो. प्लगच्या भोकात फडकं होतं ते उंदरांनी ओढून काढलं असणार, आणि आत आपलं कोठार केलं. पिस्टन वर आला की त्यावरच अडतोय."

"म्हणजे व्हॉल्व्ह नाही."

"आणि गंजही नाही."

"नक्की गंज म्हणालीस!"

"तुम्ही व्हॉल्व्ह म्हणालात!"

"पण मी वाटतं म्हटलं. तू नक्की म्हटलंस, इंजिनिअरबाई!" आणि ते हसायला लागले. दात दिसतील असे, पोट धरून, बार्ली मुठीत घेऊन. मीही हसत होते आणि मला थांबता येत नव्हतं. आत आईनं कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून दिल्या असाव्यात.

इंजिन मी आशुतोषला देणार होते. ते मी हसता हसताच ठरवलं होतं. पण आज नाही.

दारावर टकटक झाली. "काका? ताई?" आशुतोषचा आवाज. "सॉरी, मी पुन्हा आलो. ताई, तुम्हाला ठेवायचं असेल तर ठेवा, मला काहीच प्रॉब्लेम नाही. फक्त काकांचा चष्मा माझ्या गाडीत राहिला होता."

बाबांचा चेहरा फुलला. त्यांनी बार्लीची मूठ दाराकडे केली. "उघड की, त्याला दाखवू. बघून वेडा होईल."

मी जागची हलले नाही. "आधी हे तिसरं मी साफ करणार," मी म्हटलं. माझा आवाज लहान मुलीसारखा आला, पण येऊ दे.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग मूठ खाली घेतली, फळीवरचा ब्रश उचलून माझ्या हातात दिला.

"आशुतोष, चष्मा पायरीवर ठेव रे," ते ओरडून म्हणाले. "उद्या ये. आम्ही दोघं कामात आहोत."

मी ते नीट ऐकून घेतलं, आणि बाहेर आशुतोषलाही नीट ऐकू गेलं असावं अशी मनापासून आशा केली.